उद्याचे टँकर सांगणारा माईक

पंचशीलाबाईंचा आवाज आमच्याकडे कुठेच उरलेला नाही हे कळलं, त्या दिवशी मी त्यांच्या घरात कपाटावर होतो. त्या वारल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या पुण्यानुमोदनाला पाहुणे यायचे होते. बुद्धवंदना झाल्यावर सगळ्यांना त्यांचा आवाज ऐकवायचा, असं त्यांचे पती साहेबराव यांनी ठरवलं होतं. आमच्या बंद पडलेल्या केबल वाहिनीचे कॅमेरावाले लिंबाजी जुन्या कॅसेटची पेटी घेऊन आले. दोघांनी एकेक कॅसेट लावून बघितली. प्रत्येकीत भीमाशंकर शेठच्या तूरडाळीची जाहिरात होती.

"एखाद्या कोपऱ्यात असंल की रे," साहेबराव म्हणाले.

"न्हाई साहेबभाऊ. समदी डाळच हाय."

मित्रांनो, मी त्याच वाहिनीचा माईक. आता माझी जाळी चेपली आहे आणि वायर तुटली आहे.

लातूर नवा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, साहेब आले. पण आपल्या भागातली बातमी सांगायला कोणी नव्हतं. साहेबरावांचं लाउडस्पीकरचं दुकान होतं. काही वर्षांनी त्यांनी दुकानाच्या मागच्या खोलीत केबलची वाहिनी सुरू केली आणि मला विकत आणलं. बातम्या वाचायला माणूस मिळेना, म्हणून पंचशीलाबाईच माझ्यासमोर बसल्या. पुढे त्याच खोलीतून रेडिओही सुरू झाला. दोन्हींचा खर्च जाहिरातींवर चालायचा. म्हणून जाहिरातींच्या कॅसेट नाव घालून जपायच्या आणि बातम्यांची कॅसेट पुसून पुन्हा वापरायची, अशी आमची रीत पडली.

मग दुष्काळ आला. नळ बंद झाले. कोणत्या वस्तीवर टँकर कधी येणार, हे पंचशीलाबाई रोज सांगू लागल्या. ते बोलणं संध्याकाळी कॅसेटवर भरून घ्यायचं, रात्री आणि पहाटे लावायचं. त्यांचा आवाज आला की बायका घागरी धुवायला घ्यायच्या. एकदा सरजाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाई वस्तीवरून चालत आमच्या खोलीत आल्या.

"टँकर सांगती ती तूच का गं? मला वाटलं, लई मोठी बाई असंल."

"मोठीच हाय की आत्या. बसल्यामुळं दिसून नाही राहिली," पंचशीलाबाई म्हणाल्या. खोलीतले सगळे हसले. सरजाबाईंनी माझ्यावरून हात फिरवला. माझं असं कौतुक त्याआधी कोणी केलं नव्हतं.

त्या दिवसांत जाहिराती कमी झाल्या, नव्या कॅसेट येईनात. लिंबाजी एकदा म्हणाले, "वहिनी, ही एक ठेवू का तुमची? चांगली झाली हाय."

"माझं कालचं बोलणं ठेवून काय करता, भाऊजी? लोकायला उद्याचा टँकर पायजे."

"बरोबर हाय तिचं. पुस," साहेबराव म्हणाले.

लिंबाजींनी पुसली. तसं कितीतरी वेळा झालं. मला तेव्हा काही वाटलं नाही. त्या उद्याही माझ्यासमोर बसणारच होत्या.

नंतर बाहेरच्या मोठ्या कंपनीने केबल घेतली. रेडिओही बंद पडला. तोवर बातम्यांच्या उरलेल्या कॅसेटवरही डाळीची जाहिरातच भरली गेली होती. माझं काम संपलं आणि साहेबरावांनी मला घरी आणलं. पंचशीलाबाई कधी कधी माझ्यावरची धूळ पुसायच्या. पुढे त्या आजारी पडल्या आणि गेल्या.

पुण्यानुमोदनाला देवणीकडून लक्ष्मम्मा आल्या. त्यांना घरात कोणी ओळखत नव्हतं. त्यांनी सांगितलं, दुष्काळात त्यांच्या गल्लीतल्या बायका दिवसभर रानात असायच्या. त्यांना नंतर ऐकवता यावं म्हणून लक्ष्मम्मा रेडिओजवळ टेपरेकॉर्डर ठेवून टँकरची बातमी भरून घ्यायच्या.

साहेबराव ताडकन उठले. "हाय का ती कॅसेट?"

"कॅसेट हाय, अण्णा. पण पोरांनी तिच्यावर गाणी भरली का काय, देवाला ठाऊक. आमचा टेप बिघडलाय. तुमीच या, लावून बघा."

"येतो," साहेबराव म्हणाले.

देवणीला न्यायला लिंबाजींनी एक जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणला. रोज सकाळी येऊन ते विचारतात, "निघायचं का, साहेबभाऊ?" साहेबराव शर्ट घालतात, दारापर्यंत जातात आणि परत येऊन बसतात. काल ते एवढंच म्हणाले, "तिचा आवाज तिथंबी नसला तर, लिंबा?"

मित्रांनो, तुमच्या घरात रोज बोलणारं माणूस असेल. त्याचं बोलणं आजच भरून ठेवा. ते नको म्हणालं तरी ठेवा. माझ्यातून आवाज नुसता जातो, माझ्यात राहत नाही.

देवणीची कॅसेट अजून कोणी लावून बघितलेली नाही.