ओलं झबलं

खालच्या वस्तीतले लोक त्या दोघा भावांना ‘कोरडे’ म्हणायचे. बघावं तेव्हा अंगात ओला सदरा, पाठीवरून पाणी ठिबकतंय, आणि नाव कोरडे! पण नाव चुकीचं नव्हतं. दोघांच्या अंगाला जन्मात कधी घाम आला नव्हता. त्वचा कागदासारखी कोरडी, डोक्यावर मोजून चार केस, आणि धाकट्याच्या तोंडात तीनच दात, तेही अणकुचीदार. घाम नाही म्हणजे अंग निववायला काही नाही. थोडं ऊन लागलं की अंग तव्यासारखं तापायचं.

त्यांच्या आईनं फार पूर्वीच यावर उपाय काढला होता. तिनं रस्त्यापासून तीन तास चढून यावं लागेल अशा जागी, ओढ्याकाठी घर बांधलं आणि पोरांना मेंढ्यांची लोकर धुवायचं काम लावून दिलं. पाण्यात हात असलेलं बरं. शिवाय दर थोड्या वेळानं ती ओरडायची, “सदरा!” की दोघांनी सदरे काढून हौदात बुडवायचे आणि तसेच अंगात घालायचे. आई गेली, पण हाक राहिली. आता थोरला ओरडायचा आणि दोघंही मुकाट्यानं ऐकायचे.

धाकट्याची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली ती मुलगा सहा महिन्यांचा झाला तरी इथंच होती. तिला स्वतःला घाम व्यवस्थित यायचा. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे बापाकडून लेकीत गुपचूप येतं आणि तिच्या मुलात उघडं पडतं. पडेल किंवा पडणारही नाही, निम्मं निम्मं. दात यायला वेळ आहे, तोवर घामावर लक्ष ठेवा. जावई खाली सपाटीवरच्या गावांत घरांवर पत्रे ठोकायचा. तिथल्या उन्हाळ्यात असलं मूल जगवणं कठीण. घाम आला तर मायलेकरं खाली जाणार, नाही तर जावईच सगळं सोडून वर येणार, असं ठरलं होतं.

म्हणून सगळं घर त्या पोराच्या कपाळाकडे डोळे लावून बसलं होतं. धाकटा, म्हणजे पोराचे आजोबा, तेही बसले होते, पण त्यांच्या मनात भलतंच होतं. घाम येऊ नये, असं त्यांना वाटायचं. पोरगं इथंच राहील, हौदात पाय बुडवून बसेल, आपण त्याला लोकर पिळायला शिकवू. हे त्यांनी एकदा थोरल्याजवळ बोलून दाखवलं.

“लाज नाही वाटत तुला?” थोरला म्हणाला.

“वाटते ना. पण हेही वाटतं, त्याला काय करू?”

खालच्या दवाखान्यातल्या नर्सबाई बाळाला तपासायला धापा टाकत चढून आल्या तेव्हा उन्हाळा ऐन भरात होता. मुलगी रडवेली होऊन म्हणाली, “एवढं उकडतंय, तरी एक थेंब नाही हो.” नर्सबाईंनी बाळाला उचललं, आणि त्यांचा हात ओला झाला.

“हे झबलं ओलं कसं?”

“सदऱ्याची वेळ झाली की त्यालाही ओलं घालतो,” आजोबा म्हणाले. “घरात सगळ्यांचंच ओलं असतं.”

नर्सबाई मटकन खाली बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. “अहो, मूल ओल्या कपड्यात गुंडाळून तुम्ही घाम शोधताय? दिसणार कसा? उद्या दुपारी कोरडं ठेवा, सावलीत. अंग तापतंय वाटलं तर लगेच ओलं घाला.”

मूल कोरडं ठेवायचं असतं, हे त्या घरात कुणाला सुचलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबा पडवीत नातवाला मांडीवर घेऊन बसले. त्याला पाणी लागू नये म्हणून त्यांनी स्वतःही कोरडा सदरा घातला होता. मुलगी ओढ्यावर लोकर खळबळत होती. “सदरा!” थोरला हौदावरून ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा आजोबा उठले नाहीत.

पोरगं झोपलं होतं. त्याच्या मानेवर काहीतरी चमकलं. आजोबांनी आधी वर छपराकडे पाहिलं. गळत नव्हतं. त्यांनी थेंब बोटावर घेतला, जिभेला लावला. खारट लागला.

आजूबाजूला कुणी नव्हतं. बाळाचं झबलं हाताशीच बादलीत भिजत पडलं होतं. ते अंगात चढवलं की झालं, हा उन्हाळा तरी पोरगं इथंच राहिलं असतं. आजोबांनी झबलं उचललंही. मग पोरानं झोपेत त्यांचं बोट घट्ट धरलं. ती इवलीशी मूठही ओलसर होती. कुठलंही ऊन आता याला अडवणार नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना आपल्या नातवाचा भयंकर अभिमान वाटला.

“पोरी,” त्यांनी हाक मारली, “हात कोरडे करून ये.”

ती धावत आली. तिनं मानेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि रडत रडत बापाच्या खांद्यावर डोकं टेकलं. तशी ती दचकून मागे सरली.

“बाबा, अंग केवढं तापलंय तुमचं! किती वेळ बसलाय असे?”

त्यांच्या हातातलं ओलं झबलं घेऊन तिनं त्यांच्या टकलावर ठेवलं. पाणी कानांवरून गालांवर ओघळलं.

“हे इथंच ठेवून जा,” आजोबा म्हणाले. “त्याला आता लागणार नाही.”