कॉम्प्युटर वाचत नाही त्या ओळी

तारकर्लीच्या लॉजवाल्या जयराम तांडेलांना सुदेशचा प्रोग्राम पसंत होता आणि त्यांच्या लेकीला, रूपालीला, सुदेश. दुसरी पसंती जयरामना अजून कोणी सांगितली नव्हती.

साल २००६. लॉजचं बुकिंग ठेवणारा हा प्रोग्राम सुदेशने लॉजच्याच कॉम्प्युटरवर लिहिला आणि सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, पासवर्डच्या कुलपात ठेवला. आतलं कॅलेंडर तेवढं इंटरनेटवरून फुकट उचललेलं. सोबतचा लांबलचक परवाना त्याने प्रसादावर डोळा ठेवून पोथी ऐकावी तसा 'मान्य' केला.

पुढे जयरामना पडद्यावर मत्स्यथाळीचा रकाना हवा झाला. सुदेश फिरकेना, म्हणून त्यांनी हायस्कुलात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या गुरुदासला बोलावलं. गुरुदासने परवाना चक्क वाचला. असली माणसं गावात असतात.

"भाऊ, फुकटचा कॅलेंडर आत घालून ह्येना प्रोग्राम तुमका दिल्यान. परवानो म्हणता, आता ह्येचो स्वतःचो कोडसुद्धा तुमका दाखवूक होयो. बदलूचो, वाटूचो हक्कय तुमचो."

"माजो कोड मी लिवलंय!" धावत आलेला सुदेश ओरडला. "कॅलेंडर काढून टाकतंय!"

"काढ. फुडचो प्रोग्राम तुजो एकट्याचो. पण ही दिलेली प्रत?"

"मेल्या," जयराम म्हणाले, "दुसऱ्याच्या रापणीन मासे ओढलंस आणि वाटो देवक नको? उघड कुलूप."

सुदेशला कोडचं दुःख नव्हतं. कॉम्प्युटर वाचत नाही अशा ओळी प्रोग्रामरला स्वतःच्या आठवणीसाठी लिहिता येतात. सुदेशने त्या मन मोकळं करायला वापरल्या होत्या.

पासवर्ड 'रूपाली' निघाला. जयराम खाकरले. सोलकढी घेऊन आलेली रूपाली दारातच थांबली.

गुरुदास शाळेच्या सवयीने मोठ्याने वाचू लागला. "'ही ओळ कित्याक चलता, रवळनाथाक ठावक.' 'म्हाताऱ्याक रोज नवीन कल्पना सुचता, ह्येका कोणीतरी झोपवा.' 'सासरो म्हणान बरो, गिऱ्हाईक म्हणान देवा वाचय.'"



"सासरो?" जयराम म्हणाले. "ह्यां कधी लिवलंस?"

"एप्रिलात."

"माका न विचारता?"

सुदेशने सोलकढीच्या पेल्याकडे पाहिलं. तो त्याला मिळायची चिन्हं नव्हती.

"गुरुदास," जयराम म्हणाले, "माका बदल करूचो हक्क आसा मां?"

"आसा. कोणी, कधी केलो, तां मात्र लिवक होया."

"मगे लिव. 'जावई आळशी आसा, चालवून घेतंय. बदल, जयराम तांडेल.' तारीख घाल. आणि देवबागच्या लॉजवाल्यांकय प्रत दी."

नवी ओळ पुसायला सुदेशचा हात कीबोर्डकडे गेला.

"हात लाव बघू," रूपाली म्हणाली.