न चाखलेली वाइन

अठरा वर्षं कळमनुरीच्या आमच्या देवळाचा नैवेद्य मी केला. नैवेद्य चाखायचा नसतो. मीठ कमी का जास्त, ते वाफेच्या वासावरून ओळखायचं. माझं लग्न काही जमलं नाही. गावात मान होता तो या नैवेद्याचा. दुसरं माझ्याजवळ होतं काय?

राधाकृष्णदादा, माझा मोठा भाऊ, तिथला पुजारी. त्याच्या पोरानं, नचिकेतनं, वारंगा फाट्यावर हॉटेल टाकलं, परमिट रूमसकट. दादा चकार शब्द बोलला नाही. पोरगं कमावून राहिलं ना, मग सगळं चालतं!

एक दिवस नचिकेत माझ्याकडं आला. "आत्या, शाकाहारी गिऱ्हाईक आता वाइन मागतं, पण सोबत भाजीचं काही दिलं की तोंड वाकडं करतं. काहून होत असंल?"

गेले बाई मी. त्यानं कारल्याचे काप आणि लाल वाइन समोर ठेवली. मी ग्लास नुसता नाकाशी धरला. जांभळाच्या सालीचा तुरट वास. "अरे शहाण्या, कडूवर तुरट देऊन राहिला, जीभ वाळंल न्हाई तर काय?" कापांना तीळ-गूळ लावायला सांगितला आणि पिकल्या पेरूच्या वासाच्या गोडसर पांढऱ्या वाइनची बाटली त्यांच्याजवळ सरकवली. अंबाडीच्या वड्यांना दुसरी पांढरी, लिंबासारखी आंबट. आंबटासोबत गुळमट दिलं तर ते मचूळ लागतं. ओठाला थेंब लावला नाही. आठ दिवसांत गिऱ्हाईक त्याच ताटल्या मागायला लागलं.

मग नचिकेतनं मेनूकार्डावर माझा फोटो छापला. खाली लिहिलं, 'आमच्या कालिंदी आत्यानं स्वतः चाखून लावलेल्या जोड्या.' मोबाइलवरून ते गावभर फिरलं.

मी तणतणत हॉटेलात गेले. "मेल्या, मी कधी रे चाखली?"

"आत्या, नुसत्या वासावरून सांगितलं म्हटलं तर कोण विश्वास ठेवंल? धंदा आहे तो."

घरी आले तर दादा ओट्यावर बसलेला. माझ्याकडं न बघताच म्हणाला, "उद्यापासून नैवेद्य नीलांबरी करील." नीलांबरी म्हणजे नचिकेतचीच बायको.

"दादा, मी चाखली असं वाटतं तुला?"

"न्हाई."

"मग लोकांना तसं सांग की!"

"आणि पोराला गावात खोटं पाडू? कालिंदे, तुझ्या एकटीचं काय, निभून जाईल."

त्याला शंका आली असती तर मी शपथ घेतली असती, पाया पडले असते. पण त्याला खरं माहीत होतं. रडू आलं नाही, नुसती आग झाली अंगाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलांबरी घाबऱ्याघुबऱ्या माझ्या खोलीत आली. "आत्या, वरणात मीठ बराबर पडलं का, ते कसं कळतं हो? वासावरून मला काही समजंना."

मी अंथरुणातून उठले नाही.

"चाखून बघ," म्हटलं. "तिथं कोण बघतंय?"