पुतळाबाईचं पूर्ण नाव

"नाव घे की! तोंड शिवलंय का तुझं? सोडून गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला कसली आलीय लाज?"

हा आवाज माझाच. टेपरेकॉर्डरमधनं येत होता आणि शाळेचा अख्खा वर्ग ऐकत बसला होता.

मी नववीतनंच शाळा सोडलेली. हेडमास्तरांशी वाजलं, दप्तर त्यांच्या टेबलावर आपटलं आणि निघून आलो. पण शनिवारी दुपारी कल्याणप्पा सर रेकॉर्डिंगचा वर्ग घ्यायचे, त्याला मात्र जायचो. त्यांनीच बोलावलेलं. म्हणाले, "कान चांगले हायेत तुझे. तोंडाचं बघू मागनं." पुढच्या वर्षी व्हिडिओचा कॅमेरा येणार, असं ते दरवर्षी सांगायचे. तोवर एक टेप, एक माईक आणि आम्ही.

शिकवलेलं सोपं होतं. माईक तोंडापासनं वीतभर लांब धरायचा. समोरचा बोलायला लागला की आपण गप. हुंकारसुद्धा द्यायचा नाही, नुसती मान हलवायची. आणि सगळ्यात आधी माणसानं आपलं पूर्ण नाव सांगायचं.

तिथंच घोळ झाला. दुष्काळाची जनावरं जगवायला सोसायटीनं भूमच्या रस्त्याला छावणी टाकलेली. आमची एकच गाय तिथं, म्हणून आईपण तिथंच. छावणीवर कार्यक्रम करायचं ठरलं तेव्हा मीच मिजाशीत म्हणालो, माझ्या आईला घेतो, ती लई भारी बोलते.

पण टेप दिसल्याबरोबर तिनं डोक्यावर पदर ओढला, कुणी मोठं माणूस समोर आल्यासारखा.

"पुतळाबाई," एवढंच म्हणाली.

"पूर्ण सांग, आये."

"पुतळाबाईच की."

बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे मला काय माहीत नव्हतं? पण आमचा बाप ढोकीकडं ऊस तोडायला गेला आणि तिकडंच दुसरी बाई करून राहिला. त्याच्या नावाला एवढं जपायचं? माझं डोकंच फिरलं. बटण दाबलेलं, फीत फिरत होती, आणि मी सुटलो. ती मधी मधी "आरं, हळू... बाया बघत्यात" म्हणत होती, त्याच्यावर मी आणखी चढत होतो.

शेवटी घेतलं तिनं. लग्नात घेतात तसं.

"कोरड्या आडात पव्हरा सोडते हळू, बलभीमरावांचं नाव घेते, आता नका छळू."

वर्गात हे लागलं आणि बिभीषण फिस्सकन हसला. मग सगळीच पोरं. आणि सगळ्यात मोठ्यानं मी. का हसलो मी? हसलो नसतो तर सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं असतं.

फक्त दहावीतली अयोध्या हसली नाही. माझ्याकडं बघून म्हणाली, "घरी बी असाच बोलतोस व्हय रे आईला?"

पोरं गेल्यावर सरांना म्हणालो, "सर, पुसून टाका ते."

"उद्या छावणीत भोंग्यावर लावायचंय," सर म्हणाले. "पुसायचं तर तू पूस. शिकलायस की. पण तू तिच्या बोलण्यावरच वरडलायस. तुझं पुसलं की तिचं बी जातंय."

मी टेप घरी आणला. रात्रभर धीर झाला नाही. सकाळी फीत मागं घेतली. माईकची पिन काढली, म्हणजे वरनं नुसती शांतता भरली असती. बटणावर बोटं ठेवली, तेवढ्यात आई दारात. छावणीवरनं पीठ न्यायला आलेली.

"लाव की," म्हणाली. "मला बी ऐकू दे माझं."

नाही कसं म्हणणार? लावला. ती समोर उकिडवी बसली, पदर नीट केला. माझा आवाज खोलीभर झाला. मी चुलीकडं तोंड करून बसलो. भोंग्यावर हे सगळ्या बाया ऐकणार. बलभीमचं पोरगं आईला कसं फाडून खातंय, ते.

नाव घेऊन झालं. टेप खरखरत राहिला.

"पुसतो मी, आये. चुकलं माझं."

"नगं पुसू." आणि ती हसली. किती तरी दिसांनी. "आवाज हुबेहूब त्येंच्यावानी आलाय रं तुझा. आसंच वरडायचे ते."

मला वाटलं टेप उचलून भिंतीवर आदळावा.

"पुन्यांदा लाव," ती म्हणाली. "ते पयलं. तू वरडतूस तेवढंच."

मी फीत मागं घेतली. तिनं पदर आणखी पुढं ओढला, डोळ्यापर्यंत, आणि टेपकडं कान केला.

आत अजून तेच चाललंय. बाहेर बिभीषण सायकलची घंटी बडवतोय, भोंगा घेऊन आलाय. फीत तशीच आहे, न पुसलेली. निघतो मी आता.