जपानच्या देवळातला ताईत

हरणाबाई कामाशिवाय माजा उंबरा चढत न्हाई. त्यात चहा संपला तरी उठंना, तवाच मला संशय आला.

"दगडाबाई, तुमच्या कुणालनं जपानात ताईत घेतला, म्हणून नातू सुखरूप झाला म्हणं. माज्या पोटुशी लेकीसाठी, बनीसाठी द्या की."

"कुणी सांगितलं?"

"समद्या आष्टा गावाला ठावं हाय."

माजं डोस्कंच फिरलं. छप्पन साली दीक्षा घेतली, तवा माज्या आईनं घरातलं समदं ताईत-गंडं वढ्यात सोडलं. थोरला भाऊ तापानं गेला, तवा त्याच्या दंडाला ताईत हुताच की.

आन गेल्या साली, शहाण्णवात, ल्योक मला जपानात बुद्धाच्या देवळात घिऊन गेला. तिकडं कंपनीत हाय तो. आत भगवंत शांत बसल्यालं, माजा जीव भरून आला. भाईर आले तर दारातच ताईतांचं दुकान! परीक्षेचा येगळा, गाडीचा येगळा, बाळंतपणाचा येगळा. मी कुणालकडं बघितलं. तो माज्याकडं बघंना. तवाच वळखलं, ह्यो घेणार. घेतलाच. घुंगरू लावल्याली तांबडी रेशमी पिशवी.

माजी सून साक्षी पायरीवर बसून बूट घालत हुती. देवळात शिरताना काढल्यालं बूट आता पायात जाईनात. मी पायावर बोट दाबलं, तर खळी पडली ती भरून येईना. डोळ्यापुढं अंधारी येती म्हणाली. कुणाल म्हणतो, "आई, पोटुशीचं पाय सुजत्यातच. आन आता ताईत घेतलाय की."

मी तितंच बसकण मारली. दवाखान्यात नेल्याबिगर उठत न्हाई म्हणलं. लोक बघाय लागली, तवा कुठं त्यानं टॅक्सी बोलावली. डॉक्टरनं तिला घरी सोडलंच न्हाई. रक्तदाब लय चढला हुता. पोट फाडून लेकरू काढलं. मूठभर, पर जित्तं.

आन माज्या ल्योकानं गावाला फोन करून काय सांगावं? ताईत लागू पडला! म्हणूनच येताना मी ती पिशवी उचलून आणली. फुकटचं नाव कशाला व्हावं तिचं?

"हरणा, बनीचं पाय बघितलंस का?"

"पोटुशीचं पाय सुजत्यातच की."

काल नळावर ती पोर हंडा टेकवून डोळं चोळत हुती. हिला दवाखाना सांगितला, तर आज जाऊ, उद्या जाऊ करंल. मी ट्रंकेतनं पिशवी काढली.

"देते. पर मिरजेच्या दवाखान्यात. डॉक्टरनं बनीला तपासल्यावर."

"तितंच का?" तिनं डोळं बारीक केलं.

"ह्याचा नेमच हाय तसा. डॉक्टरचा हात लागल्याबिगर ह्यो ताईत चालत न्हाई."

हरणाबाई कप तसाच टाकून पोरीला आणाय पळाली.

खोटं बोलणार न्हाई, असं मी रोज सकाळी पंचशील म्हणताना म्हणते. आज सकाळीबी म्हणले हुते. घुंगरू वाजू ने म्हणून पिशवी पदरात घट्ट बांधली, आन चपला घालून मिरजेच्या गाडीसाठी भाईर पडले.