झाकणावरची रेघ

सकाळचं ऊन प्रयोगशाळेच्या काचेवर आधी नुसतं टेकलं. मग ओट्याच्या कडेवरून सरकत, पालथ्या घातलेल्या फ्लास्कांच्या गळ्यांतून वाकत ते तपकिरी बाटलीपाशी आलं आणि तिच्या पोटात शिरून मधासारखं साकळलं. बुटीबोरीच्या धुरकट आभाळातून इतकं नितळ काही उतरतं, याचं सुशीलला एरवी नवल वाटलं असतं. आज तो फक्त बाटलीच्या झाकणाकडे पाहत होता. काल निघताना झाकण आणि गळा यांवरून त्याने पेन्सिलीची एक बारीक रेघ ओढली होती. कोणी झाकण फिरवलं, तर ती तुटणार होती.

रेघ जुळलेली होती.

त्याला हायसं वाटलं नाही. शेजारच्या ओट्यावर काम करणाऱ्या अपूर्वचे हात कुशल होते. ती पुन्हा जुळवणं त्याला जड नव्हतं.

सुशीलने तयार केलेल्या औषधाच्या नमुन्यात, चाचणीच्या पट्टीवर, तीनदा अशुद्धतेचा ठिपका उमटला होता. बाटलीतलं रसायन कोणीतरी बिघडवतं, असं त्याने प्रयोगशाळेच्या प्रमुख कामिनी मॅडमना सांगितलं होतं. आज त्यांना नाव हवं होतं. घेतलं, तर अपूर्वची नोकरी जाणार. न घेतलं, तर खापर सुशीलच्याच डोक्यावर फुटणार, आणि तो अजून कायम झालेला नव्हता.

दार वाजलं.

"काय बे, आजही माझ्या आधी? झोप येत नाही का तुले?" अपूर्वने ॲप्रन चढवत विचारलं. तो नागपूरच्या महाल भागातला, शिकला मात्र मुंबईच्या नामांकित संस्थेत.

"सवय आहे."

"भिवापूरची मिरची. झोपू देत नसंन." हसता हसता त्याची नजर बाटलीवर गेली. सुशीलने ती टिपली.

"गेला का तो ठिपका?"

"तुला कशाला काळजी?"

"मॅडम विचारून राहिल्या होत्या मले."

सुशीलने पाठ फिरवली. बाटली उघडून थोडं रसायन बीकरमध्ये घेतलं आणि ड्रॉपरने थेंब थेंब फ्लास्कमध्ये सोडू लागला. कामात त्याचे हात शांत होत. ते हात चंद्रभान सरांनी घडवले होते. भिवापूरच्या कॉलेजात, बाहेर वाळणाऱ्या मिरच्यांच्या खाटाने अख्खा वर्ग शिंकत असताना, एक बाटली वर्षभर पुरवायची असे. "थेंब वाया घालू नका गा, पोट्टेहो," सर म्हणत. सुशील इथे लागला, तेव्हा त्यांनी त्याचा फोटो तिथल्या प्रयोगशाळेच्या दारावर लावला होता.

"सुशील." अपूर्वचा आवाज एकदम खाली आला. "हे काय करून राहिला तू?"

सुशीलने खाली पाहिलं. डाव्या हातात बाटली होती, उजव्यात बीकर. फ्लास्कमधल्या मिश्रणाला लागलेला ड्रॉपर पुन्हा पुन्हा ज्यात बुडवला होता, ते उरलेलं रसायन तो अलगद बाटलीत परत ओतत होता. एक थेंबही सांडला नव्हता.

बाटलीबाहेर आलेलं परत आत ओतायचं नाही, हे इथे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याने मान डोलावली होती.

दारात कामिनी मॅडम येऊन उभ्या होत्या.

"नाव सांगणार होतास ना?"

सुशीलने झाकण लावलं. रेघेची दोन्ही टोकं एकमेकांना भिडेपर्यंत सावकाश फिरवलं. ऊन बाटलीवरून पुढे सरकलं होतं.

त्या बाटलीला त्याच्याशिवाय कोणीही हात लावला नव्हता.