यंत्रातल्या सासूबाई

कारखान्याच्या दारात अख्खी गल्ली लोटली होती. आत स्वेटर विणायच्या यंत्रापुढे फुंकरबाबा डोळे मिटून उभे होते. यंत्रात म्हणे सासूबाई शिरल्या होत्या.

सासूबाई गेल्यावर दोन्ही जावांनी कारखाना पुढे चालवला होता. पण हल्ली धाकटी इस्त्रीच्या टेबलाशी बसली रे बसली, की यंत्र पिसाळायचं आणि नक्षी सोडून नुसता गुंता विणत सुटायचं.

"म्हातारीला धाकटी खपत नाही," बाबांनी निदान केलं. "सगळी वीज बंद करा. अंधारात आत्मा निवतो!"

मेन स्विच बंद झाला. बाबा बराच वेळ काहीबाही पुटपुटले, मग त्यांनी यंत्रावर लांबलचक फुंकर मारली. दिवे लागले आणि यंत्र शहाण्यासारखं विणू लागलं. लोकांनी हात जोडले. जाताना बाबांनी सासूबाईंसाठी एक स्वेटर मागून घेतला. सासूबाई हयातभर काडीसारख्या होत्या. वर गेल्यावर मात्र त्यांचं माप नेमकं बाबांच्या पोटाएवढं झालं होतं.

थोरलीने तिकडे काणाडोळा केला. सासूबाईंनी जन्मात तिचं कौतुक केलं नव्हतं. मेल्यावर का होईना, त्यांनी आपली बाजू घेतली, या विचाराने ती सुखावली होती.

"काही दिवस तू येऊच नकोस," ती धाकटीला म्हणाली.

"वहिनी, मला दुसरं काम येतं तरी काय?" धाकटीचे डोळे भरून आले.

धाकटीची बहीण कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. ऐकताच ती धावत आली, वायरिंग बघितलं आणि थोरलीला म्हणाली, "आज इस्त्री तुम्ही करा."

"करते की! मला काय भीती?" थोरली ऐटीत बसली. तिने इस्त्री लावली. दिवा किंचित मंदावला आणि यंत्राने गाठींचा गोळा ओकला.

"अगं बाई! माझ्यावरही रागावल्या?"

"सासूबाई नाहीत हो, इस्त्री आहे ही! दोन्हींची वायर एकच. इस्त्री तापताना यंत्राला मिळणारी वीज कमी होते. पूर्ण गेली असती, तर यंत्र बंद पडलं असतं. अर्धवट मिळते, म्हणून त्याचा प्रोसेसर, म्हणजे मेंदू, बरळतो."

"मग बाबांची फुंकर?"

बहिणीने इस्त्रीची पिन काढून मेन स्विच बंद केला, मंत्राऐवजी खणखणीत आवाजात एकोणतीसचा पाढा म्हटला आणि स्विच लावला. यंत्र मुकाट्याने सरळ विणू लागलं.

"वीज पूर्ण जाऊन परत आली, की प्रोसेसर पहिल्यापासून सुरुवात करतो. पाढा म्हणा, नाहीतर शिव्या द्या!"

मग तिने बॅगेतली डाळीएवढी एक चिप यंत्राच्या सर्किट कार्डावर बसवली. "ही व्होल्टेजवर पहारा ठेवते. वीज कमी पडली, की प्रोसेसरला रिसेटमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या पायरीवरच, धरून ठेवते आणि पुरेशी झाली, की थोडं थांबून सोडते. यंत्र थांबेल, पण बरळणार नाही. आणि इस्त्रीला वेगळी वायर ओढून घ्या."

थोरलीने गाठींचा गोळा उचलला. "म्हणजे सासूबाई माझ्या बाजूच्या नव्हत्याच?"

"ते मला कसं ठाऊक असणार? पण यंत्रालाही ठाऊक नाही, एवढं नक्की."

थोरलीला हसू आलं आणि लाजही वाटली. ती तशीच उठून धाकटीला बोलवायला गेली. "चल," ती म्हणाली. "चूक वायरची होती, आळ मी तुझ्यावर घेतला."

परत आल्यावर कारखान्याच्या दारात जमलेल्या बायांनाही तिने तेच ऐकवलं आणि वर बजावलं: यंत्र बिघडलं, तर आधी ते उघडून बघा. कारण सापडत नसेल, तर जाणत्या माणसाला विचारा. पण कुणाच्या फुंकरीवर विसंबून घरच्या माणसाला दाराबाहेर काढू नका.